डिव्हिजन किती, जनरल किती, आणि आपण नक्की मोजतोय काय?

६ जून २०२० ला लडाखमध्ये, चुशूलच्या समोर चीनच्या बाजूला मोल्दो आहे तिथे, दोन्ही सैन्यांची मोठी बैठक झाली. आपल्याकडून १४ नंबरच्या कोअरचे कमांडर लेफ्टनंट जनरल हरिंदर सिंग आणि त्यांच्याकडून साउथ शिनजियांग मिलिटरी डिस्ट्रिक्टचे कमांडर मेजर जनरल लिऊ लिन. झालं, नावं बाहेर आली आणि सोशल मीडियावर लगेच सुरू, की आमचा लेफ्टनंट जनरल आणि समोर त्यांचा नुसता मेजर जनरल, हा तर सरळ सरळ अपमान आहे, आपण एवढे खाली का वाकलो वगैरे वगैरे. मुख्य प्रश्न काय होता, तर चिनी सैन्य जिथे येऊन बसलंय तिथून ते मागे जाणार का. पण बऱ्याच लोकांना खांद्यावरचे स्टार मोजण्यातच जास्त इंटरेस्ट.

आता बघा, चिनी सैन्यात ब्रिगेडिअर हा रँकच नाहीये. कर्नलच्या वर सीनियर कर्नल आणि मग थेट मेजर जनरल. अमेरिकेत ब्रिगेड सांभाळतो कर्नल, आपल्याकडे तेच काम ब्रिगेडिअर करतो. अमेरिकेत कंपनी कॅप्टनच्या हातात असते, आपल्याकडे आणि ब्रिटिशांकडे मेजरच्या. नेव्हीचा कॅप्टन म्हणजे आर्मीचा कर्नल, आणि आर्मीचा कॅप्टन म्हणजे नेव्हीचा नुसता लेफ्टनंट, त्यामुळे नुसतं 'कॅप्टन' वाचून कुणाबद्दल बोलतायत ते समजायची सोयच नाही. म्हणून समोर बसलेला माणूस कुठल्या भागाचा जबाबदार आहे, त्याच्या शब्दावर कुठलं सैन्य हलतं, हे बघायचं असतं. लिऊ लिन यांच्याकडे लडाखसमोरचा भाग होता, हरिंदर सिंग यांच्याकडे लडाख होतं. जोडी बरोबरच होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की फौजेबद्दलच्या आपल्या बहुतेक चर्चा, मग ती टीव्हीवरची असो, फॅमिली ग्रुपवरची असो नाहीतर संसदेतली, दोन ठिकाणी घसरतात. युनिटचं नाव ऐकलं की आपण डोकी मोजतो, आणि रँक ऐकला की मान मोजतो. खरं तर युनिटचं नाव सांगतं की हा गट कुणाच्याही मदतीशिवाय काय काय करू शकतो, किती दिवस तग धरू शकतो. आणि रँक सांगतो की चुकलं तर जबाब कोण देणार. हे न समजता अग्निपथवर, वन रँक वन पेन्शनवर, थिएटर कमांडवर, लढाऊ विमानांच्या खरेदीवर मत ठोकून द्यायचं म्हणजे मग ते मत फक्त आवाजाचं उरतं. आणि पैसा आपला आहे, पोरं आपली आहेत, त्यामुळे मत द्यायचं नाही असंही नाही, द्यायचंच आहे.

आधी उतरंड पटकन सांगून टाकतो, आपल्या आर्मीच्या पायदळाची, आकडे सगळे 'साधारण' समजा. सेक्शन म्हणजे दहाएक जण, हवालदाराच्या हाताखाली. तीन सेक्शनची प्लाटून, तीस-पस्तीस जण, तिच्यावर एखादा तरुण लेफ्टनंट असायला हवा पण बहुतेक वेळा सुभेदार किंवा नायब सुभेदारच असतो. तीन प्लाटूनची कंपनी, १२० च्या आसपास, मेजर. चार रायफल कंपन्या आणि वर मॉर्टर, सिग्नल, गाड्या, रसद असलं सगळं मिळून बटालियन, म्हणजे आपली पलटण, ८०० च्या आसपास, तिचा कमांडिंग ऑफिसर कर्नल. तीन बटालियनची ब्रिगेड, तीनेक हजार, ब्रिगेडिअर. तीन ब्रिगेड अधिक तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल वगैरे धरून डिव्हिजन, १५ हजारांच्या पुढे, मेजर जनरल. दोन-तीन-चार डिव्हिजनची कोअर, लेफ्टनंट जनरल. कोअर आपल्याकडे १४ आहेत (३३ कोअर नावाची कोअर आहे म्हणजे ३३ कोअर आहेत असं नाही, नंबर सलग नाहीत). त्याच्यावर सात कमांड, सहा लढणाऱ्या आणि एक ट्रेनिंगची, आणि गंमत म्हणजे कमांडचा प्रमुख, म्हणजे आर्मी कमांडरसुद्धा लेफ्टनंट जनरलच असतो, म्हणजे एकच रँक आणि एक माणूस दुसऱ्याचा बॉस. सगळ्यांच्या वर चीफ, जनरल.

तीन-तीन का, तर एक शत्रूला गुंतवून ठेवतो, एक बगलेनं जातो, एक हाताशी राखून ठेवायचा. शिवाय गोळीबार चालू असताना एका माणसाला तीन-चार जणांपेक्षा जास्त लोकांशी धड बोलता येत नाही, हे बहुतेक सैन्यांना आपापल्या अनुभवानं कळलेलं आहे.

पण हे आकडे पाठ करून कुणी तज्ज्ञ होत नाही, कारण ते पाळले जातीलच असं नाही. रोमन सैन्यातली 'शंभरा'ची तुकडी ८० जणांची असायची. शिवाजी महाराजांच्या घोडदळात २५ स्वारांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर हजारी, आता गुणाकार करा, हजारीच्या हाताखाली साडेबाराशे घोडी येतात. इतकं लांब कशाला, जुलै २०२५ मध्ये लष्करप्रमुखांनी ज्या नव्या 'भैरव' बटालियन जाहीर केल्या त्या सुमारे अडीचशे जणांच्या. नाव बटालियन, माणसं दोन कंपन्यांची. आणि रेजिमेंटचा तर वेगळाच घोळ. मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट एकत्र कधी लढत नाही, तिचं सेंटर बेळगावला आणि बटालियन देशभर वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये विखुरलेल्या. पण रणगाड्यांची रेजिमेंट म्हटलं की ४५ रणगाड्यांचं एक युनिट, कर्नलच्या हाताखालचं, म्हणजे बटालियनच्या बरोबरीचं. तोफखान्याची रेजिमेंट म्हणजे १८ तोफा. आणि पुराच्या बातमीत 'लष्कराच्या तीन तुकड्या दाखल' असं छापून येतं तेव्हा तीस माणसं आली की तीनशे, हे छापणाऱ्यालाही माहीत नसतं.

शिवाजी महाराजांच्या त्या पंचवीस घोड्यांवरून एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बखरीत नोंद आहे की दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असायचा. म्हणजे पाणी आणणारा आणि घोड्यांचे नाल ठोकणारा. माझ्या मते पूर्ण विषय या दोन माणसांत आहे. ज्यानं ही रचना केली त्याला कळत होतं की पंचवीस तलवारी म्हणजे युनिट नव्हे. पाणी आणि नाल स्वतःजवळ आहेत म्हणून ते पंचवीस जण मुख्य सैन्यापासून लांब जाऊन काम करून परत येऊ शकतात. आजही तेच. सेक्शनकडे रायफली आणि एक मशिनगन. कंपनीला स्वतःचं वायरलेस, स्वतःचं छोटं हेडक्वार्टर. बटालियनला स्वतःचे मॉर्टर, स्वतःचा डॉक्टर, स्वतःचं लंगर. ब्रिगेड झाली की तोफखाना, इंजिनिअर तिच्याबरोबर जोडले जातात. डिव्हिजन झाली की ती एका आघाडीवर बराच काळ स्वतःच्या जिवावर लढू शकते. म्हणून 'ब्रिगेड पाठवली' असं ऐकल्यावर पहिला प्रश्न 'किती माणसं' हा नसून 'तोफा बरोबर गेल्या का' हा पाहिजे.

रेझांग ला घ्या. १८ नोव्हेंबर १९६२, चुशूलच्या दक्षिणेला, सोळा हजार फुटांच्या वर. १३ कुमाऊं या बटालियनची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग. कंपनी म्हणजे जवळपास १२० जण, तीन प्लाटून, सात नंबर, आठ नंबर, नऊ नंबर, आणि सांभाळायची ती धार इतकी लांब की तिन्ही प्लाटून एकमेकांपासून सुट्या सुट्या पडलेल्या, एका प्लाटूनवर हल्ला झाला तर दुसरी धावून येईपर्यंत सगळं संपणार. मध्ये डोंगर आडवा, त्यामुळे मागच्या आपल्या तोफांचा मारा तिथे पोचत नव्हता. म्हणजे कागदावर ती कंपनी एका बटालियनचा भाग, बटालियन ब्रिगेडचा भाग, ब्रिगेडकडे तोफा, सगळी साखळी व्यवस्थित, आणि प्रत्यक्षात त्या पहाटे मेजर शैतान सिंगांच्या हातात होत्या रायफली, मशिनगन, छोट्या मॉर्टर आणि १२० माणसं. शंभराहून जास्त जण तिथेच गेले, शेवटपर्यंत जागा सोडली नाही. परमवीर चक्र मिळालं, आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण 'एवढीशी कंपनी आणि एवढे चिनी' एवढंच सांगून थांबतो, आणि ती कंपनी तोफांशिवाय का उभी होती हे कुणी विचारत नाही. शौर्याच्या गोष्टीत हा प्रश्न विचारणं म्हणजे अपमान असं काहीतरी आपल्या डोक्यात बसलंय. उलट त्या १२० जणांबद्दल खरा आदर असेल तर तोच पहिला प्रश्न हवा ना.

आणि त्याच युद्धाच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येला जे झालं ते तर रँक आणि युनिट दोन्हींचा घोळ एकाच ठिकाणी बघायचा असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. ऑक्टोबर १९६२ च्या सुरुवातीला, रातोरात म्हणावं अशी, ४ नंबरची कोअर उभी केली गेली, लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल तिचे कमांडर. कोअर! ऐकायला केवढं भारी वाटतं, नकाशावर निळा मोठा चौकोन. पण त्या कोअरच्या हाताशी मुख्यतः ४ नंबरची एकच डिव्हिजन, आणि तिच्यातली ७ नंबरची ब्रिगेड ब्रिगेडिअर दळवींच्या हाताखाली नामका चू नावाच्या एका ओढ्याच्या काठानं कित्येक किलोमीटर ताणून बसवलेली, अंगावर सुती कपडे, रसद विमानातून टाकायची आणि तीही बरीचशी दरीत जायची. १० ऑक्टोबरला त्सेंगजाँगला ९ पंजाबच्या पन्नासेक जणांवर चिन्यांनी हल्ला केला तेव्हा ब्रिगेड कमांडर, डिव्हिजनचे मेजर जनरल निरंजन प्रसाद आणि कोअर कमांडर कौल, तिघेही तिथेच ओढ्याकाठी हजर. विचार करा, पन्नास जणांच्या झटापटीवर तीन-तीन वरिष्ठ, आणि जो मेजर किंवा सुभेदार तिथे निर्णय घ्यायला होता त्याच्या डोक्यावर एवढं ओझं. पुढे कौल आजारी पडून दिल्लीला गेले आणि तिथून, अंथरुणातून, कोअर चालवत राहिले. २० ऑक्टोबरला हल्ला आला आणि काही तासांत ब्रिगेड मोडली, दोन दिवसांनी दळवी कैदेत. कागदावर तेव्हाही कोअर होतीच.

कागदावरच्या सैन्याचं हे दुखणं काही आपलंच नाही. एप्रिल १९४५ मध्ये हिटलर बर्लिनच्या बंकरमध्ये बसून ज्या आपल्या सेनापती स्टायनरच्या हल्ल्याची वाट बघत होता तो हल्ला करायला स्टायनरकडे माणसंच नव्हती, पण नकाशावर खुणा होत्या. आणि अगदी अलीकडचं म्हणजे फेब्रुवारी २०२२. रशियानं युक्रेनच्या सीमेवर जवळपास १२० बटालियन टॅक्टिकल ग्रुप आणून ठेवले, जगभरचे पेपर तो आकडा रोज छापत होते, आणि बहुतेकांनी आठवड्याभरात कीव्ह पडणार असं गृहीत धरलं. प्रत्येक ग्रुप ६०० ते ८०० जणांचा, दहा रणगाडे, तोफखाना, हवाई संरक्षण सगळं एकात ठासून भरलेलं. दिसायला तगडं. पण गाडीतून उतरून पायी लढणारं पायदळ फारच थोडं, दोनशेच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून कमी. शहरात, जंगलात, रस्त्याच्या कडेला रणगाड्याला राखायला माणूसच नाही. आणि एवढ्या वेगवेगळ्या हत्यारांचा मेळ घालायचं काम कुणाकडे, तर एका बटालियन कमांडरकडे आणि त्याच्या मूठभर स्टाफकडे. वर्ष संपायच्या आत ती पद्धतच त्यांनी जवळजवळ सोडून दिली. १२० हा आकडा चुकीचा नव्हता हो, पण त्या आकड्याच्या आत काय आहे ते बघायचं राहून गेलं.

आता रँककडे येतो, कारण इथे आपल्याकडे मान-अपमान फार.

आपल्या आर्मीत तीन थर आहेत. शिपाई ते हवालदार एक, मग नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर), आणि मग लेफ्टनंटपासून वर ऑफिसर. (शिपाई म्हणजे त्याला ग्रेनेडियर, रायफलमन, गनर, सॅपर, सवार असं काहीही म्हणतात, रेजिमेंटप्रमाणे. टायगर हिलवर परमवीर मिळवणारे योगेंद्र सिंग यादव तेव्हा ग्रेनेडियर होते म्हणजे शिपाईच होते, पेपरवाले ग्रेनेडियर हे काहीतरी मोठं पद असल्यासारखं लिहितात.) जेसीओ हा मधला थर इंग्रजांच्या काळातला, व्हाइसरॉयच्या कमिशनवाला, तेव्हा गोऱ्या ऑफिसरला आणि देशी जवानाला जोडायला ठेवलेला. बरेच लोक म्हणतात की ही गुलामीची खूण आहे, काढून टाका. मला नाही पटत. आज बटालियनमध्ये कागदावर जितके ऑफिसर असायला पाहिजेत तितके कधीच नसतात, कुणी कोर्सला, कुणी स्टाफवर, आणि मुळात आर्मीत ऑफिसरची कमतरता हजारोंच्या घरात आहे हे संसदेत वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. मग प्लाटून चालवतं कोण, तर वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार. मूळ कशातलंही असो, आज त्या थरावर पलटण उभी आहे. त्याला बातमीत सरसकट 'जवान' करून टाकणं बंद केलं तरी पुष्कळ झालं.

आणि त्याच्याही खाली हवालदार. सगळ्यात कमी चर्चा होणारा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा माणूस. दहा जणांना उठ म्हटल्यावर ते उठतात की नाही, हे त्याच्यावर. रशियाचं २०२२ मध्ये जे हसं झालं त्याचं एक मोठं कारण हेच सांगितलं जातं की त्यांच्याकडे अनुभवी, स्वतःच्या डोक्यानं निर्णय घेणारा सार्जंट वर्ग तयारच केलेला नाही, प्रत्येक बारीकसारीक निर्णय वर जातो, अडकतो, मग तो सोडवायला जनरल स्वतः पुढे येतो आणि मारला जातो, असे काही जनरल पहिल्याच काही महिन्यांत गेले.

म्हणून अग्निपथवर मला राग आहे तो चर्चेचा. १४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली, चार वर्षं नोकरी, त्यातले २५ टक्के पुढे कायम, आणि अग्निवीर हा वेगळाच रँक, इतर कुठल्याही रँकमध्ये न बसणारा. चर्चा कशावर झाली, तर नोकरी, पेन्शन, रेल्वे जाळली, बाहेर आल्यावर पोरांनी काय करायचं. हे प्रश्न खरेच आहेत, मी नाही म्हणत नाही. पण हवालदार होईस्तोवर माणसाला किती वर्षं लागतात, चारपेक्षा तर नक्कीच जास्त, मग दहा-बारा वर्षांनी सेक्शन चालवायला हवालदार येणार कुठून, तर त्या पंचवीस टक्क्यांतूनच. तेवढ्यात चांगले हवालदार निघतील का? कदाचित निघतील, निवडून घेतलेले असल्यामुळे जास्त चांगलेही निघतील. पण जो पोरगा चार वर्षं शेजारच्याशी स्पर्धा करतोय की आपल्या दोघांतला कोण राहणार, तो त्याच शेजाऱ्यासाठी गोळीबारात धावेल का, आणि ७५ टक्के दर चार वर्षांनी निघून जात असतील तर सेक्शनमध्ये एकमेकांना ओळखणारी माणसं किती उरतील, हा प्रश्न पॅनेलवर कितीदा आला? निवृत्त अधिकाऱ्यांनी मांडला, आणि मग जाहिरात लागली.

वन रँक वन पेन्शनचंही (म्हणजे एकाच रँकवरून, तेवढ्याच नोकरीनंतर निवृत्त झालेल्यांना सारखीच पेन्शन) तसंच. 'एवढ्या लवकर रिटायर होतात आणि आयुष्यभर पेन्शन घेतात' असं म्हणणारे खूप भेटतात. अरे पण लवकर रिटायर ते हौसेनं होत नाहीत. सेक्शनला तिशीच्या आतबाहेरची माणसं लागतात, सोळा हजार फुटांवर पन्नाशीचा शिपाई चालत नाही, म्हणून शिपाई पस्तिशी-चाळिशीत बाहेर. वर पिरॅमिड निमुळता होतो म्हणून कर्नल ५४ ला घरी, ब्रिगेडिअर ५६, मेजर जनरल ५८, लेफ्टनंट जनरल ६०. लेफ्टनंट कर्नलपर्यंत १३ वर्षांत वेळेप्रमाणे पोचता येतं, पुढे कर्नलसाठी निवड बोर्ड बसतं आणि तिथे बरेच जण गळतात, त्यांच्यात काही खोट असते म्हणून नाही, तर पलटणीच मोजक्या आहेत. सिव्हिलमध्ये हे असं नाही. हा हिशेब समजला की वन रँक वन पेन्शनचा वाद भावनेवर न राहता किती आणि कसं यावर येतो, आणि तिथे सरकारच्या बाजूनंही बोलण्यासारखं बरंच आहे.

महिला अधिकाऱ्यांच्या केसमध्ये तर उतरंड समजल्याशिवाय निकालच कळत नाही. १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं परमनंट कमिशन दिलं ही बातमी झाली, पण त्यातला मोठा भाग होता कमांडचा. परमनंट कमिशन म्हणजे नोकरी टिकते. कमांड म्हणजे कर्नल होऊन शेकडो माणसांचं युनिट तुमच्या नावावर येतं. सरकारनं कोर्टात मांडलं होतं की जवान बहुतेक ग्रामीण भागातले असतात, बाईचा हुकूम स्वीकारायची त्यांच्या मनाची तयारी नाही. कोर्टानं ते उडवून लावलं, आणि २०२३ मध्ये महिला कर्नल युनिट घ्यायला लागल्या, पायदळ आणि रणगाडे सोडून. आता हे 'महिलांना न्याय मिळाला' एवढ्यावर सोडून दिलं तर नेमकं काय मिळालं ते कळतच नाही.

गलवानचंही बोलायला हवं. १५ जून २०२० ला कर्नल संतोष बाबू गेले, १६ बिहारचे कमांडिंग ऑफिसर, एकूण वीस जण गेले. तेव्हा लोक विचारत होते की एवढा मोठा अधिकारी स्वतः पुढे का गेला. कारण आपल्याकडे कर्नल हा 'मोठा अधिकारी' समजून मागे बसायचं पद नाहीये, ते पलटणीचं पद आहे आणि पलटण पुढे असते. १९६५ ला फिलोराच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे तारापोर लेफ्टनंट कर्नल होते, युनिटचे कमांडंट होते, रणगाड्यातच होते. आज त्याच जागेवर कर्नल असतो, एवढाच फरक.

हा फरक मात्र साधा नाही, आणि इथे माझं मत थोडं सरकारविरोधी आहे. रँक फुगतात. काम तेच आणि खांद्यावर एक पायरी वर. आपल्याकडे हे प्रमोशन अडकतं म्हणून, सिव्हिलच्या बरोबरीला राहायचं म्हणून झालं, कारणं समजण्यासारखी आहेत. अमेरिकेतही हाच वाद आहे, मे २०२५ मध्ये त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी चार स्टारवाले जनरल किमान २० टक्के कमी करा असा आदेशच काढला. टाळ्या पडल्या. पण नुसते जनरल कमी करून काय होणार, जर जनरलचे निर्णय कर्नलला आणि कर्नलचे निर्णय मेजरला दिलेच नाहीत तर? माणसं कमी, कागद तेवढेच.

आता कुणीतरी म्हणणार की हे सगळं आर्मीचं आर्मीला कळतं, सामान्य माणसानं यात पडू नये, शिवाय गुप्ततेचा प्रश्न आहे. कुठली ब्रिगेड आत्ता कुठे आहे हे गुप्त असलंच पाहिजे, त्याचे व्हिडिओ काढून टाकणाऱ्यांना तर आवरायलाच हवं. पण ब्रिगेड म्हणजे काय हे गुप्त नाही, शत्रूला ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. शाळेत ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत सगळी उतरंड शिकवतात, कलेक्टर काय करतो, तहसीलदार काय करतो, आणि ज्याच्यावर देशाच्या बजेटमधला एवढा मोठा हिस्सा जातो त्या फौजेची रचना बहुतेक मुलांच्या वाट्याला येतच नाही. मग मुलं ती मोबाईल गेममधून शिकतात, तिथे सगळेच कमांडो.

सध्या सगळ्यात जोरात आकडा आहे तो ४२ चा. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. स्क्वाड्रन म्हणजे १६ ते १८ विमानं. विरोधक म्हणतात देश धोक्यात, सरकारवाले म्हणतात एक राफेल चार मिगच्या बरोबर. दोघंही अर्धं बोलतात. मिगची स्क्वाड्रन आणि राफेलची स्क्वाड्रन एकच धरून वजाबाकी करणं चूक आहे. पण राफेलच्या आहेत दोनच, अंबाला आणि हाशीमारा, ३६ विमानं, आणि विमान कितीही हुशार असलं तरी ते एका वेळी पश्चिमेला आणि पूर्वेला दोन्हीकडे असू शकत नाही. त्यामुळे आकडा महत्त्वाचा आहेच, फक्त त्याच्याबरोबर विचारायचं की त्यातली रोज उडू शकणारी किती, पायलट किती, मिसाइल किती दिवसांची, दुरुस्ती कुठे होते. तेच पखालजी आणि नालबंद.

आणि हाच प्रश्न थिएटर कमांडमध्ये येऊन अडकलाय. बिपिन रावत १ जानेवारी २०२० ला पहिले सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) झाले तेव्हापासून चर्चा चालू आहे की आर्मी, नेव्ही, एअर फोर्सची युनिटं एकेका थिएटर कमांडरच्या हाताखाली आणायची. पेपरात बातम्या काय येतात, तर थिएटर कमांडर चार स्टारचा असणार की तीन, चीफच्या वर की खाली, पहिला कुठल्या दलाचा. एअर फोर्सची हरकत मात्र वेगळी आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे, की आमच्याकडे स्क्वाड्रन आधीच कमी, त्या तीन ठिकाणी वाटून टाकल्या तर जिथे गरज पडेल तिथे सगळ्या एकदम फिरवता येणार नाहीत. उलट बाजूनं आर्मीवाला म्हणतो की युद्ध सुरू झाल्यावर विमान मागायला दिल्लीला फोन करायचा का. दोघांचंही खरं आहे, आणि यातलं काय निवडायचं हे शेवटी राजकीय नेतृत्वानंच ठरवायचं आहे, म्हणजे तिथे खासदाराला उभं राहून विचारता आलं पाहिजे की लढाईच्या दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या थिएटरला पूर्वेची स्क्वाड्रन हवी असेल तर नाही म्हणायचा अधिकार कुणाकडे असणार, आणि तो किती तासांत वापरावा लागेल.